अटक, झडती आणि आपली राज्यघटना



राज्यघटना म्हटली की आपल्याला २६ जानेवारीचे झेंडावंदन आठवते आणि परीक्षेत टीपा लिहिण्यापुरती पाठ केलेली मूलभूत हक्कांची यादी आठवते. परंतु सर्वसामान्य माणसाचा राज्यघटनेशी खराखुरा संबंध केव्हा येतो, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर असे आहे की, रस्त्यात पोलिसाचा हात खांद्यावर पडतो किंवा रात्री दारावर थाप पडते तेव्हा. त्या वेळी घरात बहुधा वकील नसतो, पुस्तक उघडून पाहायला सवड नसते. जे आपल्याला आधीपासून ठाऊक असेल तेवढेच उपयोगी पडते.

वर्गात मूलभूत हक्कांचा पाठ चालू असता दरवर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, पोलीस कोणालाही, केव्हाही उचलून नेऊ शकतात का?" घरी या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपण त्या भानगडीत पडू नये." शेजारीपाजारी म्हणतात, "वर ओळख असली म्हणजे झाले." दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आहेत, म्हणून त्यांना हसून चालणार नाही. परंतु ज्याला भानगडीत न पडताही धरले आणि ज्याची कोठेच ओळख नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी तिसरे उत्तर आहे. ते कायद्यात आहे आणि तो कायदा कसा घडला याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

राजाचा शिपाई आणि रयतेचे दार

सरकारी शिपायाने कोणाच्याही घरात शिरावे, पेट्या उघडाव्यात, कागद उचलावेत, ही रीत जगात फार जुनी आहे. तिला मर्यादा घालणारा एक प्रसिद्ध निकाल इंग्लंडमध्ये १७६५ साली लागला. जॉन एंटिक हा पेशाने शिक्षक आणि लेखक होता. १७६२ साली मंत्र्याच्या हुकमावरून राजाचे शिपाई त्याच्या घरात घुसले, चार तास त्यांनी घर उलथेपालथे केले आणि त्याचे कागदपत्र नेले. एंटिकने फिर्याद केली. लॉर्ड कॅमडेन यांनी निर्णय दिला की, असा अधिकार देणारा कायदा दाखवता येत नसेल तर मंत्र्याचा हुकूमही शिपायाला वाचवू शकत नाही. एंटिकला ३०० पौंड भरपाई मिळाली. पुढे १७९१ साली अमेरिकेने आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीत हेच तत्त्व लिहून ठेवले. नागरिकाचा देह, घर, कागदपत्र व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, असे ती दुरुस्ती सांगते.

इंग्रजांनी हे तत्त्व आपल्या घरी पाळले, पण हिंदुस्थानात येताना ते सोबत आणले नाही. १८६१ साली पोलीस कायदा आला, फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि तीत अटक व झडतीचे काही नियमही आले. परंतु त्यांच्या शेजारी दुसरी हत्यारे जय्यत ठेवलेली होती. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ नुसार सरकार कोणालाही खटल्यावाचून स्थानबद्ध करू शकत असे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांची पथके घराघरांत, पार माजघरापर्यंत शिरली. ती झडती रोगाच्या शोधासाठी होती, गुन्ह्याच्या तपासासाठी नव्हती. तरीही दाराचा उंबरठा आपला राहिला नाही, ही भावना लोकांच्या मनात खोल रुतली. त्याच वर्षी रँडचा खून झाल्यावर पुण्याच्या नातू बंधूंना याच सत्तर वर्षे जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवता अडकवून ठेवण्यात आले.

मार्च १९१९ मध्ये बिनसरकारी हिंदी सभासदांचा विरोध डावलून रौलट कायदा करण्यात आला. विनाचौकशी दोन वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद त्यात होती. "ना वकील, ना अपील, ना दलील" अशा तीन शब्दांत लोकांनी त्याचे वर्णन केले. १० एप्रिल १९१९ रोजी अमृतसरचे लोकप्रिय पुढारी डॉ. सैफुद्दीन किचलू व डॉ. सत्यपाल यांना पकडून शहराबाहेर नेण्यात आले. लोक प्रक्षुब्ध झाले आणि तीनच दिवसांनी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. जालियनवाला बाग आपण सर्वांनी अभ्यासली आहे. परंतु त्या दुर्घटनेच्या आधी दोन माणसांची विनाचौकशी झालेली धरपकड होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

घटना समितीतील एक हुकलेली ओळ

ज्या लोकांनी हे सोसले होते, त्यांतलेच कित्येक पुढे घटना समितीत बसले. मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूलभूत हक्कांबाबत जे निवेदन सादर केले, त्यात अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षणाचे कलम होते. त्यावर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, बी. एन. राव यांसारख्या कायदेपंडितांनी हरकत घेतली. प्रत्येक झडतीला न्यायालयाचे वॉरंट लागू लागले तर गुन्ह्यांचा तपासच अडेल, असे त्यांचे म्हणणे होते. फाळणीच्या दंगलींनी देश होरपळत असताना ही भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. सारांश, मसुद्यातून ते कलम गळाले.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुस्लिम प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ते दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा मांडले. आज आपल्या विदर्भात मोडणारा बराचसा मुलूख त्यावेळी याच प्रांतात होता. आश्चर्याची गोष्ट अशी की, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी सभागृहात बोलून दाखवली. त्यांचा युक्तिवाद मार्मिक होता. हे नियम फौजदारी संहितेत आहेतच, हे त्यांनी मान्य केले; परंतु उद्याचे कायदेमंडळ ते रद्द करू शकेल आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते इतके मोलाचे आहेत की, कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेले बरे, असे ते म्हणाले.

पण मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ उडाला, निर्णय पुढे ढकलला गेला आणि अखेर दुरुस्ती फेटाळली गेली. काझीसाहेबांची ओळ राज्यघटनेत आली नाही.

त्याच सुमारास दुसरा वाद झाला तो जीवित व स्वातंत्र्य यांच्या कलमावर, म्हणजे आजच्या कलम २१ वर. पंडित ठाकुरदास भार्गव, काझी करीमुद्दीन, महबूब अली बेग प्रभृती सभासदांचा आग्रह होता की, "कायद्याच्या उचित प्रक्रियेवाचून" कोणाचेही स्वातंत्र्य हिरावू नये असे शब्द असावेत. म्हणजे प्रक्रिया न्याय्य आहे की नाही हेही न्यायालय तपासू शकेल. तेही मान्य झाले नाही. जपानच्या घटनेच्या धर्तीवर "कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया" एवढेच शब्द राहिले.

तथापि हे प्रकरण येथे संपले नाही. या शब्दांविषयी जनतेत असमाधान आहे, ही गोष्ट खुद्द डॉ. आंबेडकरांनी मानली आणि १५ सप्टेंबर १९४९ रोजी भरपाई म्हणून कलम १५ अ मांडले. तेच आजचे कलम २२. त्याने अटक झालेल्या प्रत्येक माणसाला तीन गोष्टी दिल्या. अटकेची कारणे त्याला शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. या तीन गोष्टी "ना वकील, ना अपील, ना दलील" या तक्रारीला दिलेले उत्तर आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्याच कलमात एक कडू घोटही आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्या माणसाला या तीन हक्कांचे संरक्षण नाही. त्याच्यासाठी कारणे कळवणे, निवेदनाची संधी, सल्लागार मंडळ अशी निराळी आणि तोकडी व्यवस्था आहे.

कमी पडलेल्या शब्दांची किंमत

घटना अमलात आली त्याच वर्षी तिची कसोटी लागली. कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांना मद्रास राज्यात स्थानबद्ध करण्यात आले होते. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, कायदेमंडळाने प्रक्रिया ठरवून दिली म्हणजे पुरे. ती न्याय्य आहे की नाही हे न्यायालय पाहणार नाही. न्यायमूर्ती सय्यद फाजल अली यांनी मात्र विरोधी निकालपत्र लिहिले. फाजल अली हे नाव महाराष्ट्राला राज्य पुनर्रचना आयोगामुळे ठाऊक आहे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ते फारसे प्रेमाने घेतले गेले नाही. परंतु माणसाचे स्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया न्यायाच्या मूलतत्त्वांना धरूनच असली पाहिजे, हे या न्यायमूर्तींनी एकट्याने १९५० सालीच सांगितले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

झडतीच्या बाबतीत काझीसाहेबांच्या हुकलेल्या ओळीची किंमत १९५४ साली कळली. एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी सांगितले की, अमेरिकेसारखे कलम आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, तेव्हा ते आम्ही अर्थ लावून आणू शकत नाही. पुढे १९७३ च्या पूरणमल खटल्यात ठरले की, झडती बेकायदा असली तरी केवळ तेवढ्यामुळे तीत सापडलेला पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत १९६१ पासून असा पुरावा सहसा फेकून दिला जातो. दोन देशांतल्या या फरकाच्या मुळाशी घटनेतली एक ओळ आहे.

पोलीस दप्तरी नाव असलेल्या खडक सिंग नावाच्या इसमाच्या घरी रात्री-अपरात्री पोलीस येऊन दार ठोठावत. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या, परंतु खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही नमूद केले. त्यानंतर १९७५ ची आणीबाणी आली. मिसाखाली हजारो लोक तुरुंगात गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की, या काळात अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते.

यानंतर मात्र वारा फिरला. २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, प्रक्रिया न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे. फाजल अलींचे म्हणणे अठ्ठावीस वर्षांनी कायदा झाले. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ यांची दाद आणीबाणीतही थांबवता येणार नाही, असे ठरले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तसेच १९७६ चा तो निकालही मोडीत काढला. काझीसाहेबांची ओळ घटनेत शब्दशः आली नाही हे खरे. परंतु तिचा गाभा जवळजवळ सत्तर वर्षांनी न्यायालयाच्या दाराने आत आला.

साध्या पत्रांनी घडलेले नियम

वाचकहो, आतापर्यंत मोठ्या नावांची हकीकत झाली. परंतु रोजच्या उपयोगाचे कित्येक नियम साध्या पत्रांतून जन्मले आहेत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ साली न्यायालयाने महाराष्ट्राला आदेश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्यावर स्त्री-पोलीस, अटकेची खबर नातेवाइकांना, आणि मॅजिस्ट्रेटने आरोपीला पोलिसांच्या छळाची तक्रार आहे काय असे स्वतःहून विचारणे.

१९८६ साली पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना पत्र धाडले. त्यातून १८ डिसेंबर १९९६ चा निकाल आला आणि अकरा सूचना निघाल्या. तत्पूर्वी १९९४ च्या जोगिंदर कुमार खटल्यात न्यायालयाने बजावले होते की, अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटकेची गरज असणे वेगळे. त्या वेळी न्यायालयाने राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या अहवालाचा दाखला दिला. त्यानुसार सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या. १९८५ साली भीमसिंग या आमदारांना वेळेत मॅजिस्ट्रेटपुढे न नेता अडकवल्याबद्दल सरकारला ५०,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

आज आपल्याला काय माहीत असावे?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यातील पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

पोलिसाने नाव-पत्ता विचारला तर खरा सांगावा. तेथे हुज्जत घालण्यात शहाणपण नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक का आवश्यक आहे हे पोलिसांनी लिहून ठेवावे लागते, एरवी हजर राहण्याची नोटीस देता येते. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात यावर भर दिलेला आहे. नोटीस आली तर मात्र हजर राहिलेच पाहिजे.

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा कागद तयार होऊन त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही झाली पाहिजे. घरच्यांना खबर दिली पाहिजे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. मराठी, उर्दू जाणणाऱ्या माणसाच्या हाती न कळणारा इंग्रजी कागद ठेवून भागणार नाही, असा याचा अर्थ.

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादाच्या प्रसंगी स्त्री-पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना घराबाहेर बोलावता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. ते कलम २० चे वचन आहे.

झडतीला पोलीस आले तर वॉरंट पाहायला मागावे. वॉरंटाविना झडती घेता येते, परंतु त्याची कारणे तपास अधिकाऱ्याने लिहून ठेवावी लागतात. स्थानिक पंच हजर हवेत, पंचनामा व्हावा, जप्त वस्तूंची यादी घरमालकाला मिळावी आणि आता तर साऱ्या झडतीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे कायद्यानेच आवश्यक आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावयाची असते. पकडावयाच्या माणसाच्या शोधात पोलीस एखाद्या खोलीत शिरणार असतील आणि तेथे पडदा पाळणारी स्त्री राहत असेल, तर तिला बाहेर निघून जाण्याची सूचना व सवड दिली पाहिजे, हा जुना नियम नव्या संहितेतही कायम आहे.

यांपैकी काही मोडले गेले तर काय करावे? हातघाईवर तर मुळीच येऊ नये. वेळ, नावे, पंच कोण होते, हे घरातील एखाद्याने टिपून ठेवावे. मॅजिस्ट्रेटपुढे नेल्यावर तोंड उघडून सांगावे. ती जागा त्यासाठीच आहे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील माणसाला तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. पोलीस हा परका नव्हे. सणावाराला आपण घरी असताना तो चौकात उभा असतो. चोरी झाली की आपण त्याच्याकडेच धावतो. हे नियम त्याच्याविरुद्ध नसून त्याच्या हातातील अधिकाराला लावलेले बांध आहेत, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला त्यांचे ओझे वाटत नाही. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी वकिली करावी, काहींनी न्यायखात्यात जावे आणि काहींनी पोलीस दलाची परीक्षाही अवश्य द्यावी. कायदा दोन्ही बाजूंनी जाणणारी माणसे समाजात असली पाहिजेत.

पालकांना एकच विनंती. मुलाला "त्या भानगडीत पडू नकोस" असे जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. चोवीस तास, कारणे, वकील, घरी खबर, पंचनामा हे पाच शब्द त्याला आणि आपल्या मुलीलाही शिकवा. करीमुद्दीन यांची दुरुस्ती फेटाळली गेली, फाजल अली एकटे पडले, शीला बारसे यांच्याजवळ एक पत्र तेवढे होते. तरीसुद्धा त्यांनी म्हणणे मांडून ठेवले म्हणून आज आपल्याला मागण्यासारखे काही आहे. विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील कलम २० ते २२ आज घरी गेल्यावर उघडून एकदा मोठ्याने वाचा. घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवा.